पंख्याची जाहिरात

"सर, टॉर्चला नेट कशाला लागतं?"

मी हसतच विचारलं. काउंटरच्या पलीकडे रणदिवे सर उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन आणि हातात रुमालात गुंडाळून आणलेला मोबाइल. मोबाइलवर आपण नुसता टॉर्च लावतो, असं त्यांनी सांगितलं होतं. त्यांना हसू आलं नाही. ते म्हणाले, "काय की. संपतं एवढं खरं."

ही २०१६ च्या मे महिन्यातली गोष्ट. परांड्यात एसटी स्टँडसमोर माझं रिचार्जचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक काउंटर, एक खुर्ची, डोक्यावर पत्रा आणि मागे लटकवलेली मोबाइलची कव्हरं. तेव्हा नेट आत्तासारखं नव्हतं. एक जीबीचा पॅक मारायचा आणि तो अठ्ठावीस दिवस पुरवायचा. लोक आलेला फोटो उघडायचा की नाही याचासुद्धा विचार करायचे. ज्याला नेट नको असेल तो डेटा बंद करून मोबाइल खिशात ठेवायचा, घरातला नळ बंद करावा तसा.

आणि सरांचा पॅक आठवड्यात संपायचा.

हा माणूस शाळेत चित्रकला शिकवायचा आणि रिटायर होऊन चार-पाच वर्षं झाली होती, एवढं मला माहीत होतं. एकटेच राहायचे. दर सात-आठ दिवसांनी यायचे, नंबर सांगायचे, "नेटचं मारा" म्हणायचे आणि जायचे. मला त्यांचं येणं बरं वाटायचं. मी लातूरला नवऱ्याचं घर सोडून वर्षभरापूर्वी इथं आले होते. गावात कुणी ओळखीचं नव्हतं, म्हणूनच आले होते. दुकानात दिवसाला चाळीस-पन्नास माणसं यायची, पण त्यांच्या तोंडून मला फक्त दहा आकडे ऐकू यायचे. आकडे सांगून झाले की माणूस गेलेला असायचा. सर तेवढे आकडे सांगायच्या आधी "बरं आहे ना, ताई?" असं विचारायचे.

म्हणून त्या दिवशी मीच म्हटलं, "द्या बघू मोबाइल. एवढं नेट जातं कुठं ते बघते."

सेटिंगमध्ये गेले. कुठल्या ॲपनं किती नेट खाल्लं याची यादी असते, त्यात सगळ्यात वर टॉर्च. साडेआठशे एमबी! बाकी सगळं मिळून शंभराच्या आत. ते फुकटातलं ॲप होतं. उघडलं की आधी व्हिडिओची जाहिरात, ती संपली की टॉर्च लागणार, बंद करायला गेलं की पुन्हा जाहिरात. एकेक जाहिरात पाच-सहा एमबीची.

"सर, हा बघा चोर," मी म्हटलं. "तुम्ही टॉर्च लावता, आणि हा तुमच्या नेटवर जाहिराती दाखवत बसतो. तुमच्या मोबाइलमध्ये कंपनीचा टॉर्च आहेच की. वरून असं बोट खाली ओढायचं, हे चिन्ह दाबायचं. झालं."

ते काही बोलायच्या आत मी ते ॲप काढून टाकलं होतं. राशिभविष्याचं एक होतं, तेही काढलं. मोबाइल पुसून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाले, "बरं," आणि रुमालात गुंडाळून निघून गेले.

पुढचे नऊ दिवस ते आले नाहीत. मला वाटलं, चला, आपण एक चांगलं काम केलं.

दहाव्या दिवशी दुपारी मी डबा खात होते. ऊन एवढं होतं की स्टँडवरची कुत्रीसुद्धा बसच्या खाली जाऊन पडली होती. समोर सर उभे. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला.

"ताई, ते टॉर्चचं परत टाकता का?"

"कशाला, सर? मी दाखवला ना दुसरा टॉर्च. लागत नाही का?"

"लागतो."

"मग?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. शेजारचे खलील मास्तर शिलाई मशीनवर मान घालून बसले होते. सर काउंटरवर जरा वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "मला जाहिरात बघायची असते."

माणूस जाहिराती चुकवायला माझ्याकडे यायचा. जाहिरात बघायला कुणी नेट मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं. डबा बाजूला ठेवला, हात धुतले, त्यांना माझी खुर्ची दिली आणि ॲप पुन्हा टाकून दिलं.

"कुठली जाहिरात?"

"पंख्याची," ते म्हणाले. "ती आपण म्हटलं की येत नाही. उघडत राहायचं. कधी आठव्यांदा येते, कधी विसाव्यांदा. एकदा दोन दिवस आलीच नव्हती."

त्यांनी ॲप उघडलं. पत्त्यांच्या खेळाची जाहिरात आली. त्यांनी शांतपणे ती संपू दिली. मग शाम्पूची, मग लग्न जुळवणाऱ्यांची, पुन्हा पत्त्यांची. मध्ये दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. मी त्यांचे नंबर मारले. सर मान वर न करता उघडत होते, मिटत होते. अकराव्या की बाराव्या वेळी ते एकदम ताठ बसले.

"हा. ही."

मी वाकून पाहिलं. पस्तिशीचा एक माणूस उन्हातून जिना चढून येतो. खांद्याला बॅग, कपाळावर घाम, केस कानांपाशी जरा पिकलेले. दार ढकलतो, चप्पल काढतो, आत बघून हाक मारतो, "आई, आलो गं!" मग खुर्चीत बसतो, वर पंखा सुरू होतो आणि तो डोळे मिटून घेतो. पुढे पंख्याचं नाव, दुकानांचे पत्ते वगैरे.

सरांनी ते नाव येण्याआधीच बोट ठेवून पडदा थांबवायचा प्रयत्न केला. तो काही थांबला नाही.

"पाहिलात?" ते म्हणाले. "हा आमचा उन्मेष."

त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. मी एवढंच म्हटलं, "अरे वा, सर! तुम्ही कधी बोलला नाहीत."

ते उठले. "बरं झालं, ताई. नऊ दिवस झाले होते," असं म्हणून उन्हात निघून गेले.

त्यांची पाठ वळल्यावर मी खलील मास्तरांना विचारलं, "मास्तर, सरांना मुलगा आहे?"

मास्तरांनी मशीन थांबवलं. "होता ना, उन्मेष. हुशार पोरगा. तो गेला तेव्हापासून सर असे. मग सरांच्या घरच्या बाईपण गेल्या. सर कुणाकडं जात नाहीत, कुणाला बोलावत नाहीत." एवढं बोलून त्यांनी पायानं पुन्हा मशीन सुरू केलं.

मी नवीन होते. मी माझ्या मनानं गोष्ट जुळवली. पोराला नट व्हायचं असणार, बापानं नाही म्हटलं असणार, पोरगा घर सोडून गेला असणार. घर सोडून गेलेलं माणूस मला लगेच ओळखता यायचं. माझ्याही माहेरी माझ्याबद्दल "ती गेली" असंच म्हणत असतील.

त्या दिवसापासून मला सरांसाठी काहीतरी करावंसं वाटायला लागलं. मी माझ्या मोबाइलवर ती जाहिरात शोधली. पंख्याच्या कंपनीनं ती इंटरनेटवर टाकलेली होतीच. उतरवून घेतली, एका मेमरी कार्डात भरली. पुढच्या वेळी सर आले तेव्हा कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं.

"सर, हे मोबाइलमध्ये टाकून देते. आता नेट नको, टॉर्च नको. तुम्हाला वाटेल तेव्हा बघा. दिवसातून शंभर वेळा बघा."

मला वाटलं होतं, त्यांना आनंद होईल. ते कार्डाकडे नुसतं बघत राहिले. नखाएवढं कार्ड, त्याला हातही लावला नाही.

"नको, ताई."

"का?"

"आपण लावला की आला, त्यात काय?" ते म्हणाले. "तो त्याच्या मनानं येतो. कधी येईल माहीत नसतं. मी बसलेलो असतो आणि तो येतो. तेवढंच ठेवा. नेटचं मारा."

मी नेटचं मारलं.

जून उजाडला आणि जाहिरात यायची बंद झाली. उन्हाळा संपला, आता पंखे कोण घेणार? हे मला कळत होतं. सरांना कळत होतं की नाही, देव जाणे. त्यांचा पॅक आता चार दिवसांत संपायला लागला. येऊन ते आकडे सांगायचे. "बरं आहे ना, ताई?" विचारायचं राहून जायचं. मीच एकदा विचारलं, "आली का, सर?"

"नाही. छत्र्यांची येते. एक डासांची येते." थोडं थांबून म्हणाले, "येईल. मधे पण दोन दिवस आली नव्हती."

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. मे महिन्यात मी शहाणपणा करून ते ॲप काढलं नसतं तर त्यांना आणखी नऊ दिवस मिळाले असते. ते नऊ दिवस माझ्या डोक्यातून जाईनात. शेवटी मी ठरवलं, जाहिरात राहू दे, माणूसच शोधायचा.

जाहिरातीच्या खाली कुणीतरी हिंदीत शाबासकी दिली होती, त्यात नाव होतं नीरज. नाव बदललं असेल, असं मी धरलं. नट बदलतातच. त्या नावावरून फेसबुकवर दोन दिवस शोधलं आणि सापडला. तोच चेहरा, तेच कानांपाशी पिकलेले केस. मी माझ्या मोडक्या हिंदीत लिहिलं: "तुम्ही परांड्याच्या रणदिवे सरांचे उन्मेष आहात ना? तुमचे वडील रोज तुमची जाहिरात बघतात. सगळं नेट त्यात घालवतात. आता जाहिरात येत नाही. एकदा फोन करा. झालं गेलं विसरा."

उत्तर दोन दिवसांनी आलं. त्यानं सभ्यपणे लिहिलं होतं. ताई, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. माझं नाव नीरजच आहे. मी मध्य प्रदेशातल्या सागरजवळचा. वडील लहानपणीच वारले, आई गावी असते. मराठी मला येत नाही, जाहिरातीतला आवाजसुद्धा माझा नाही, तो नंतर दुसऱ्या कुणीतरी दिलाय. पण त्या बाबांना बरं वाटणार असेल तर सांगा, मी त्यांना फोन करीन. मुलगा म्हणूनही बोलीन. हिंदीत बोलावं लागेल.

मी ते चार-पाच वेळा वाचलं. मला एकच समजलं, की म्हातारपणी सरांची नजर फसली आणि मी ते उघडं पाडलं. आता हे त्यांना सांगायचं की गप्प बसायचं? रविवारी दुपारी दुकान बंद करून मी त्यांचं घर विचारत गेले. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं.

घर किल्ल्याच्या बाजूला, दोन खोल्यांचं. सरांनी दार उघडलं, मला बघून गोंधळले, मग "या, या" करत पुढे झाले. "कुणी येत नाही, म्हणून पसारा आहे," म्हणाले. पसारा कसला, कागदच होते. टेबलावर, कॉटवर, खिडकीत. सगळ्यांवर पेन्सिलीनं काढलेला एकच चेहरा. कुठं गालाची रेघ काढलेली आणि खोडलेली, कुठं केस अर्धवट सोडलेले.

आणि समोरच्या भिंतीवर फोटो होता. एकवीस-बावीस वर्षांचा सडपातळ मुलगा, ओठांवर जेमतेम मिशी, हसणारा. फोटोला हार घातलेला होता.

मी उभीच राहिले.

"बसा ना," सर म्हणाले.

"सर, हा..."

"उन्मेष."

"पण मला वाटलं..."

सर माझ्यासमोर स्टुलावर बसले. "चौदा वर्षं झाली. मित्रांबरोबर पोहायला गेला होता, सीना नदीच्या डोहात. गावात सगळ्यांना माहीत आहे. तुम्हालाही माहीत असेल, असं मी धरलं."

मी खिशातला मोबाइल काढला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, कसा शोधला, काय लिहिलं, त्याचं काय उत्तर आलं. "सर, तो कुणी नीरज आहे," म्हटलं. मला रडू येत होतं.

"असेल," सर म्हणाले. "नीरज का? बरं नाव आहे."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"बापाला ठाऊक नसेल का? उन्मेषच्या डाव्या भुवईवर खूण होती, लहानपणी उंबऱ्यावर पडला त्याची. याला नाही. उन्मेषचे कान माझ्यासारखे, याचे बारीक. मी चित्रकलेचा मास्तर, मला कान कळतात." त्यांनी खिडकीतला एक कागद उचलला. "मी पस्तीस वर्षं पोरांना चेहरे काढायला शिकवले. म्हातारा कसा काढायचा, रेघ कुठं खाली आणायची, सगळं शिकवलं. उन्मेषला मात्र मला मोठा करता येत नव्हता. दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला बसायचो. आज पंचविसाचा असता, आज तिसाचा असता. रेघ काढली की दुसराच कुणीतरी व्हायचा. मनात तो बावीसचाच बसलेला. मी म्हातारा होत चाललो आणि माझा पोरगा आहे तिथंच. एक दिवस लाइट गेली म्हणून टॉर्च लावायला गेलो, तर हा जिना चढत आला. आणि मला वाटलं, हां, असा दिसत असता. एवढा भरला असता. कानांपाशी असं पिकलं असतं, आमच्यात लवकर पिकतं."

बाहेर कुणीतरी सायकल लावल्याचा आवाज आला. सरांनी कागद पुन्हा खिडकीत ठेवला.

मग मी विचारलं, "तो फोन करायला तयार आहे, सर. मुलगा म्हणून बोलतो म्हणाला. करायला सांगू?"

सर उठून आत गेले, माठातलं पाणी घेऊन आले, तांब्या माझ्यासमोर ठेवला.

"नको," ते म्हणाले. "मनाचा चांगला दिसतोय, पण नको. त्याची आई आहे म्हणालीस?"

पहिल्यांदाच ते मला एकेरीत बोलले होते.

"हो. गावी असते."

"हा जातो का तिच्याकडं?"

"ते लिहिलं नाही."

"मग त्याला लिही, एकदा जाऊन ये म्हणावं. आधी कळवायचं नाही. जिना असेल तर जिना चढायचा, नसेल तर नसेल. दार ढकलायचं, चप्पल काढायची आणि 'आई, आलो' म्हणायचं. जाहिरातीत म्हणतो तसं. माझ्यासाठी एवढं कर म्हणावं."

मी तिथंच बसून लिहिलं. हिंदी अडलं तिथं सरांनी शब्द सांगितले. पाठवलं.

उत्तर आलं नाही. आठवडा गेला, महिना गेला. त्यानं वाचलं होतं, एवढं दिसत होतं. सर आता नेटचा पॅक मारत नव्हते, तरी दुकानात यायचे. दुपारी मी डबा उघडला की खलील मास्तरांचं स्टूल ओढून बसायचे आणि चांगल्या बेताला नावं ठेवत भाजी खायचे. "अगं, हे वांगं आहे की उशीचा कापूस?" असं. उत्तराबद्दल मी बोलायची नाही, तेही विचारायचे नाहीत.

ऑगस्टच्या शेवटी एक दिवस मोबाइल वाजला. मी वाचलं आणि दुकान मास्तरांवर सोपवून तशीच सरांच्या घरी गेले. ते खिडकीशी बसून पेन्सिलीला टोक करत होते.

"सर, आलं उत्तर."

"वाच."

मी वाचलं. "बाबा, गेलो होतो. सहा वर्षं गेलो नव्हतो. तुम्ही सांगितलंत तसंच केलं. काही न कळवता गेलो, चप्पल काढली आणि हाक मारली."

"पुढं?"

"एवढंच आहे."

सर जरा चिडलेच. "हे काय? मग आई काय म्हणाली ते नाही लिहिलं?"

"नाही."

"विचार त्याला."

मी विचारलं. आम्ही दोघं मोबाइल मधे ठेवून बसलो. सरांनी पेन्सिल खाली ठेवली नाही, तशीच बोटांत धरून ठेवली. बराच वेळ पडदा काळा राहिला. मग उजळला.

मी वाचून दाखवलं. "ती मागं वळलीच नाही, बाबा. चुलीपाशी होती. म्हणाली, हातपाय धुऊन घे, वाढते."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घेतले.

"हो," ते म्हणाले. "आमच्या हिनंही हेच म्हटलं असतं."